ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: जोडीदार घटस्फोटाच्या तारखा लांबवत असेल तर ते कसं वापरायचं

घटस्फोटाचा अर्ज दाखल होतो आणि मग काहीच हलत नाही. समोरची व्यक्ती समन्स घेत नाही. घेतलं तर वकील उभा करत नाही, आणि वकील आला तर कैफियत, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, येत नाही. वकिलाला फोन केला की ‘पुढची तारीख पडली’ एवढं कळतं. अशा वेळी बहुतेक पक्षकार फोनवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस उतरवतात, पुढची तारीख बघतात आणि ॲप बंद करतात. ॲपचा सगळ्यात मोलाचा भाग त्या तारखेशेजारीच असतो: ही तारीख कोणत्या कामासाठी ठेवली आहे, हे सांगणारा रकाना. तो वाचता आला तर प्रकरण नेमकं कुठे अडलंय आणि आता कोणता अर्ज द्यायचा, हे घरी बसून समजतं. ॲप खटल्याचा वेग वाढवत नाही, पण उशीर नेमका कुठे होतोय ते दाखवतं. माझ्या मते तेवढ्यासाठी ते फोनवर असायलाच हवं.

पुढचं सगळं महाराष्ट्रातली न्यायालयं आणि हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून लिहिलं आहे. गोव्यातल्या विवाहांना आणि इतर धर्मांच्या विवाहांना घटस्फोटाचे वेगळे कायदे लागू होतात. मात्र समन्स, कैफियत, पुरावा हे टप्पे साधारण सारखेच असतात.

ॲप मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या प्रकल्पाखाली एनआयसी या सरकारी संस्थेने ते बनवलं आहे. मिळत्याजुळत्या नावाची खासगी ॲपं बरीच आहेत, तेव्हा उतरवताना निर्मात्याचं नाव वाचा. उतरवल्यावर सगळ्यात आधी सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळवा. तो १६ अक्षरांचा असतो: महाराष्ट्रासाठी सुरुवातीला एमएच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, न्यायालयाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा आणि वर्षाचे चार. प्रकरण नोंदवल्यावर हा क्रमांक मिळतो आणि नोंदणीच्या पावतीवर छापलेला असतो. वकिलाकडून पावतीचा फोटो मागून घ्या. प्रकरण क्रमांकावर विसंबण्यात अडचण अशी की कौटुंबिक न्यायालयात तुमचा अर्ज ‘ए पिटिशन’ असतो, परस्पर संमतीचा असेल तर ‘एफ’. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे वेगळ्याच प्रकाराखाली नोंदला जातो. प्रकार चुकला की शोध रिकामा येतो. सीएनआर टाकला की ही भानगडच उरत नाही.

प्रकरण सापडलं की ‘माय केसेस’मध्ये जतन करा. ही यादी फोनमध्येच साठते. फोन बदलण्याआधी यादी एक्स्पोर्ट करून ठेवली नाही तर सगळं पुन्हा शोधावं लागतं. ॲप स्वतःहून आठवण करून देईल या भरवशावर राहू नका. न्यायालयाच्या यंत्रणेतून तारखेचे एसएमएस आणि ईमेल जातात, पण ते अर्ज दाखल करताना नोंदवलेल्या क्रमांकावर. तिथे फक्त वकिलाचा मोबाईल दिलेला असेल तर तुम्हाला काहीच येणार नाही. म्हणून स्वतःचा मोबाईल आणि ईमेल नोंदीत घालून घ्या. गावाकडे नेट धड नसेल तर इंग्रजीत ‘ईकोर्ट्स’ लिहून, एक जागा सोडून सीएनआर टाइप करा आणि ९७६६८९९८९९ वर पाठवा. प्रकरणाची स्थिती उलट एसएमएसने येते.

रकाना काय सांगतो

‘अवेटिंग समन्स’ किंवा ‘अनरेडी’ असं दिसतंय म्हणजे समन्सची बजावणी अजून झालेली नाही. सर्वाधिक महिने इथेच जातात, आणि सगळाच दोष समोरच्याचा असतो असंही नाही. कधी समन्सचा भत्ता भरलेला नसतो, कधी अर्जाच्या जादा प्रती दिलेल्या नसतात, कधी पत्त्यात पिनकोडच नसतो. अनेक न्यायालयांच्या नोंदीत प्रोसेसचा तपशील दिसतो, त्यात समन्स निघालं का ते तपासा. निघालंच नसेल तर आधी वकिलाला विचारा, जोडीदाराला नंतर. दिवाणी प्रक्रिया संहितेत इथे एक बोचरा नियम आहे: समन्स बजावणीविना परत आलं आणि ७ दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर अर्जदाराचंच प्रकरण काढून टाकता येतं.

समन्स निघालं असेल तर बेलिफाचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा, अहवाल महत्त्वाचा. ‘घर बंद’, ‘पत्त्यावर राहत नाही’ आणि ‘घेण्यास नकार’ हे तीन शेरे सारखे वाटतात, पण तिघांचे मार्ग वेगळे. नकार दिला असेल तर ती बजावणीच धरली जाते. पोस्टाने पाठवलेल्या पाकिटावर ‘रिफ्युज्ड’ शेरा आला तरी तेच. घर बंद मिळालं आणि वाजवी काळात ती व्यक्ती सापडण्याची शक्यता नसेल, तर बेलिफ दारावर समन्स चिकटवतो आणि तसा अहवाल देतो. पत्त्यावर राहतच नसेल तर नवा पत्ता द्यावा लागतो. नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता त्यासाठी उत्तम. पगाराची चिठ्ठी, जुनं भाडेपत्र, मुलांच्या शाळेचा दाखला यांतून पत्ते निघतात. अर्जातच दोन-तीन पत्ते दिले तर पुढचे फेरे वाचतात. समन्स स्वतःच्या हाती घेऊन बजावण्याची परवानगीही न्यायालयाकडून मागता येते.

एवढं करूनही ती व्यक्ती मुद्दाम टाळत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २० खाली पर्यायी बजावणीचा अर्ज द्यायचा: न्यायालयाच्या फलकावर आणि शेवटच्या ज्ञात घरावर समन्स चिकटवणं, किंवा त्या भागातल्या दैनिकात जाहिरात. या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, आणि आधीच्या प्रत्येक प्रयत्नाची तारीख व शेरा त्यात हवा. इथे ॲपमधला तारखांचा इतिहास कामी येतो, कारण कोणत्या तारखेला काय झालं ते ओळीने समोर असतं. व्हॉट्सॲपबद्दल लोक नेहमी विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका बँक-कार्डाच्या वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफने पाठवलेली नोटीस मान्य केली होती, कारण ती पोहोचून उघडल्याचं खुणांवरून दिसत होतं. तरी ती जोड म्हणून वापरा. बेलिफ आणि पोस्ट सोडून फक्त व्हॉट्सॲपवर उभी केलेली बजावणी पुढे डळमळते. जोडीदार अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असेल तर हेग बजावणी कराराखाली केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत समन्स जातं. त्याला काही महिने लागतात, तेव्हा तो अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

पुढचा शब्द ‘रिटन स्टेटमेंट’, म्हणजे कैफियत. मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने कारण नोंदवून वाढवली तर ९० दिवस. ९१व्या दिवशी समोरच्याचा हक्क आपोआप संपतो असा समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालापासून ही मुदत सामान्य दिवाणी प्रकरणांत लवचीक मानली आहे. म्हणून ९० दिवस झाले की ‘विना कैफियत’ आदेशासाठी लेखी अर्ज द्या. पुढच्याच तारखेला समोरचा वकील तो आदेश रद्द करायला कैफियतीसह येतो, आणि न्यायालय बहुधा खर्च लावून ती घेतं. त्यावर महिनोन्‌महिने भांडण्यात अर्थ नाही. खर्चाची रक्कम मिळाल्याशिवाय पुढचं काम करू देऊ नये, एवढा आग्रह मात्र धरा. संहितेच्या कलम ३५-ब मध्ये तशी तरतूद आहे.

‘से ऑन एक्झिबिट’ असं दिसलं तर तुमच्या किंवा त्यांच्या एखाद्या अर्जावर म्हणणं मागवलं आहे. वकील त्याला नुसतं ‘से’ म्हणतात. लांबवणाऱ्यांचा हा आवडता टप्पा, कारण छोट्या छोट्या अर्जांवर ‘से’साठी तारखा घेत मूळ प्रकरण तसंच पडून राहतं. ॲपमध्ये निशाणी (एक्झिबिट, म्हणजे प्रकरणातल्या त्या कागदाचा) क्रमांक कळला की वकिलाला थेट विचारा: निशाणी अमुकवर आपला से गेला का, त्यांचा आला का. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

‘इश्यूज’ म्हणजे मुद्दे काढणं, न्यायालयाने कशाकशावर निर्णय द्यायचा ते ठरवणं. मुद्द्यांचा मसुदा आपल्या वकिलाने आधीच देऊन ठेवला तर एक तारीख वाचते. ‘एव्हिडन्स’ला सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र जातं आणि मग उलटतपासणी. इथे दर तारखेला स्वतः हजर राहा आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) ‘साक्षीदार हजर, सामनेवाला गैरहजर’ असं लिहून येईल हे पाहा. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की ‘नो क्रॉस’ (उलटतपासणीची संधी बंद) आदेश मागायला भक्कम आधार मिळतो. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं ऑर्डर १७ सांगतो. न्यायालयं हा नियम काटेकोर पाळतात असं नाही, पण अर्जात तारखांसकट मांडला तर त्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

‘कौन्सेलिंग’ किंवा ‘रिकन्सिलिएशन’ दिसलं तर समुपदेशकाकडची तारीख आहे. समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयावर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा हा टप्पा टाळता येत नाही. समोरचा दोनदा आला नाही की समुपदेशकाने तसा अहवाल पाठवावा अशी लेखी विनंती करा. नाहीतर प्रकरण तिथेच झोपतं.

पोटगीचा अर्ज: उशीर त्यांना महाग पडतो तो इथे

उशीर करण्यात जोडीदाराचा फायदा असतो, कारण त्याला त्यासाठी काही मोजावं लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अंतरिम पोटगी आणि खटल्याच्या खर्चाचा अर्ज हे गणित बदलतो. हा अर्ज पती किंवा पत्नी कोणीही करू शकतं. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत तो निकाली काढावा असं त्या कलमातच लिहिलं आहे. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. उत्तरासह ते द्यायला समोरच्याला चार आठवडे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तहकुब्या मागितल्या आणि वागणूक हेतुपुरस्सर दिसली, तर त्याचा बचावच काढून टाकता येतो. प्रतिज्ञापत्र आलंच नाही तर तुमच्या कागदांवर निर्णय होऊ शकतो. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणजे लांबवलेला प्रत्येक महिना थकबाकीत जमा होतो. हा अर्ज मूळ अर्जाबरोबर त्याच दिवशी द्यावा. मागाहून देतो म्हणून लोक थांबतात आणि तेवढ्या महिन्यांची पोटगी गमावतात.

ॲपवर अंतरिम अर्जांची स्वतंत्र यादी दिसते. मूळ प्रकरणाची तारीख पडत राहते आणि पोटगीचा अर्ज यादीत ‘पेंडिंग’च राहतो, असं दिसलं तर त्या अर्जावर वेगळी तारीख मागा.

महाराष्ट्रात पोटगी, वैवाहिक वादातला मालमत्तेचा प्रश्न, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेपासून ही सवलत चालू आहे. शिवाय उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मदतवाहिनी १५१०० आहे.

परस्पर संमतीचं प्रकरण अडलं तर

कलम १३-ब खाली पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा न्यायालयापुढे यायचं. दोघं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचं सगळं ठरलेलं असेल, तर सहा महिन्यांची अट माफ करता येते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाने तो मार्ग दिला. पण हुकूमनामा (घटस्फोटाची डिक्री) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. दुसऱ्या वेळी जोडीदार आलाच नाही तर न्यायालय त्याला संमती द्यायला लावू शकत नाही.

म्हणून खरी खबरदारी संमतीच्या अटी लिहिताना घ्यायची. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी हातात देऊ नका, आणि सगळी शेवटी मिळेल या भरवशावरही राहू नका. एक भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर, असं ठरवा. एकमेकांविरुद्धची प्रकरणं कोणत्या क्रमाने मागे घ्यायची तेही त्यात लिहा. ॲपमध्ये या प्रकरणाच्या दोन तारखा गैरहजेरीत गेलेल्या दिसल्या, तर १८ महिने संपायची वाट पाहू नका. कलम १३ खालच्या, म्हणजे जोडीदाराच्या संमतीशिवाय एकट्याने करायच्या अर्जाची तयारी सुरू करा.

ॲप कुठे कमी पडतं

नोंद न्यायालयीन कर्मचारी हाताने करतात. ती त्याच संध्याकाळी होईल असं नाही. दोन-तीन दिवस जुनीच तारीख दिसू शकते. ॲपवर तारीख दिसत नाही म्हणून घरी बसणं ही महागात पडणारी चूक आहे, कारण अर्जदार गैरहजर राहिला तर अर्ज काढून टाकला जातो आणि तो पुन्हा फाइलवर घ्यायला ३० दिवसांत कारणासह अर्ज करावा लागतो. आदल्या रात्री कॉज लिस्ट (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघा, सकाळी वकिलाला विचारा आणि शंका असेल तर जा.

वैवाहिक प्रकरणांतल्या आदेशांची प्रत ॲपवर सहसा मिळत नाही. हे खासगीपणासाठी आहे आणि योग्यच आहे. ‘बिझनेस’खाली जे एक-दोन ओळींचं दिसतं ते रोजनाम्याचं सार असतं. ‘तहकूब’ एवढंच लिहिलेलं असलं तरी तहकुबी कोणी मागितली ते त्यातून कळत नाही. म्हणून रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि ॲपमधल्या तारखांशेजारी चार रकाने आखा: तारीख, टप्पा, कोण गैरहजर, तहकुबी कोणी मागितली. खटला लवकर चालवावा म्हणून अर्ज करताना किंवा मुदत घालून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाताना हा तक्ता लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २१-ब मध्ये बजावणीपासून सहा महिन्यांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. तक्ता त्या कलमाला जोडला की मागणीला वजन येतं. पुरावा म्हणून ॲपचा स्क्रीनशॉट लावू नका, नक्कलच लावा. नक्कल काढायला किंवा ऑनलाइन अर्ज भरायला अडत असेल तर न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात विचारा.

नावाने शोध हा ॲपचा सगळ्यात कच्चा भाग, तरी तो शिकून घ्यावा. जोडीदाराने दुसऱ्या जिल्ह्यात प्रकरण टाकलं आहे का, हे त्यातूनच कळतं. न्यायालयाचं एकेक संकुल निवडून, वर्ष टाकून शोधावं लागतं. नाव कधी आडनावाआधी असतं, कधी नंतर. स्त्रीचं माहेरचं आडनाव असू शकतं किंवा सासरचं. स्पेलिंगची खात्री नाही. पूर्ण नाव टाकण्याऐवजी आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका आणि वडिलांच्या किंवा पतीच्या नावावरून ओळख पटवा.

एकतर्फी हुकूमनामा झाल्यावरही ॲप काढू नका. समोरचा आला नाही तरी न्यायालय पुरावा तपासूनच घटस्फोट देतं. पण तो हुकूमनामा रद्द करायला समोरचा ३० दिवसांत अर्ज करू शकतो, आणि समन्स पर्यायी बजावणीने (नियम २० खाली चिकटवून किंवा जाहिरातीने) बजावलं असेल तर हे ३० दिवस त्याला माहिती झाल्यापासून मोजले जातात. तो अर्ज नव्या क्रमांकाने नोंदला जातो. जुन्या सीएनआरवर प्रकरण ‘डिस्पोज्ड’ असंच दिसत राहील. त्यामुळे दर महिन्याला त्याच न्यायालयात नावाने शोध घ्या आणि ॲपच्या उच्च न्यायालयाच्या विभागात अपीलही तपासा. कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवस लिहिली आहे, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्यातले ९० दिवस धरले आहेत. तेवढे दिवस उलटेपर्यंत पुनर्विवाह करू नका. त्याच काळात उच्च न्यायालयात कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला न कळवता स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेटही ९० दिवसच टिकतं, त्यानंतर नवं टाकावं लागतं.